पाटी

आमच्या गावामागचा डोंगर आतून पोखरलेला आहे.
शंभर वर्षं त्यातून पाटीचा दगड निघाला.
त्याची छपरं झाली, थडगी झाली,
कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांनी
त्याच्यावर अक्षरं गिरवली, थुंकीनं पुसली.
मग खाण बंद पडली. भोक उरलं.

भोक दिसलं की माणसाला त्यात काहीतरी टाकावंसं वाटतं.
आधी एक फ्रीज आला, रात्रीतून, दार सताड उघडं.
मग टायर. मग कुणाच्या तरी गॅरेजचं छप्पर,
त्यातली ॲस्बेस्टॉसची कुसळं वाऱ्यावर.
मग व्हॅनमागून व्हॅन, दिवे मालवून,
आणि खाली ओढ्यात, जिथे इडवलची मेंढरं पाणी पितात,
तेलाचा सातरंगी तवंग.

चॅपलच्या मागच्या खोलीत सभा झाली.
सगळ्यांत मोठ्यानं मीच बोलले.
म्हटलं, शहरातले लोक हे. लाज नाही यांना, आईबाप नाहीत.
टाळ्या पडल्या.
बिस्किटं संपेपर्यंत आमचं सगळ्यांचं एकमत होतं.

कौन्सिलनं हेवेल नावाचा पोरगा पाठवला,
कोवळी दाढी, लांब चिमटा, निळे हातमोजे.
म्हणाला, कॅमेऱ्याला पैसे नाहीत.
पिशव्या फाडा, कागद शोधा,
वीजबिल, औषधाची चिठ्ठी, पाकीट.
ज्याचं नाव, त्याचा कचरा.

शनिवारी अकरा जण गेलो.
नेस्टानं तीस वर्षं टपाल वाटलेलं,
ती पाकिटं बोटानंच वाचायची.
भिजलेले घटस्फोटाचे कागद निघाले,
एक्स-रेमधला कुणाचा तरी गुडघा,
वाढदिवसाची न फोडलेली तीन कार्डं. पत्ता फाडलेला.

बाराव्या पिशवीत
किटलीवर घालायची लोकरीची टोपी सापडली.
पिवळी, एका बाजूला टाका चुकलेला.
तो टाका मी चुकवला होता, नऊ वर्षांची असताना.

तिच्याखाली चष्म्याचं घर. एक मोजा.
दवाखान्याचं पत्र: श्रीमती मॉरफिद पॅरी,
मंगळवारी सव्वादहा वाजता,
येताना कुणाला तरी सोबत आणावे.

मी गेले नव्हते.

फेब्रुवारीत आईचं घर रिकामं केलं.
म्हणजे मी नाही केलं, माझ्याच्यानं होईना.
एक माणूस आला, पांढरी व्हॅन, साठ पौंड रोख.
त्यानं पावतीचं विचारलं नाही,
मीही विचारलं नाही, कुठे नेतोस.
स्वस्तात सुटले असं वाटलं. खरं सांगते, बरंच वाटलं.

पत्र मी खिशात घातलं.
नेस्टा तेव्हा थर्मास उघडत होती.
झाकणाला तिनं फार वेळ लावला.

दुपारी हेवेलनं विचारलं, काही नाव?
दहा डोकी हलली, नाही म्हणून.
मी म्हणाले, आहे.
आईचं आहे, पण माझं लिहून घे.

ओढा वाहत होता, तो तेवढा ऐकू आला.
मग इडवल म्हणाला, चहा गार होतोय.
त्यानंतर आजवर कुणी काही म्हटलेलं नाही,
आणि तेच मला फार जड जातं.

दंड तीनशे पौंड. भरला.
व्हॅनवाल्याचा नंबर लागत नाही.
टोपी तीनदा धुतली, डिझेलचा वास हटत नाही,
तरी किटलीवर घालते.

माझं अक्षर चांगलं, म्हणून पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं.
दगड खाणीतलाच, एका अंगानं गुळगुळीत.
लिहायला बसले तेव्हा पाटी कोरी होती, माझी नव्हती.
आधी वेल्शमध्ये, मग इंग्रजीत:
इथे कचरा टाकू नये.
दंडाचा आकडा तोंडपाठ होता.
खाली चार बोटं जागा उरली,
तिथे काय लिहावं सुचेना. तशीच सोडली.

गुरुवारी पाटीला टेकवून
कुणीतरी गादी उभी करून गेलं होतं.
दोघांची, जवळजवळ नवी.
इडवलनं दोरी आणली.
मी आधी शिवणीतलं लेबल पाहिलं,
मग दुसरं टोक धरलं.